तव्यापाशी तुम्ही, माईकपाशी मी

अक्का, येळवस होऊन आज तिसरा दिवस. शेतातून आणलेली भांडी अजून अंगणात पडली आहेत आणि मी ती घासायची सोडून वर येऊन लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर खालून हाक आली असती, "विजया, काय करू लालीस गं? भांडे काय आपल्याआप घासून निघतेत का?" दीड महिना झाला, ती हाक नाही. भांडी निवांत आहेत.

तुमच्या दुखण्याचं मी काही लिहिणार नाही. जन्म, माहेर, लेकरंबाळं, तेही नाही. तुमच्या शिवगणाराधनेच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, पत्रिकेत सुनंदानं ते सगळं छापलं. त्यात तुमचं माहेर उदगीरच्या जागी देगलूर पडलं, ते मी पेनानं एकेका पत्रिकेवर दुरुस्त केलं. लेकीला आईचं माहेर नीट छापता येऊ नये म्हणजे कमाल आहे. मला रडूही फारसं आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बायका टक लावून बघत होत्या, धाकटी जाऊ रडती का न्हाई म्हणून. मी कपबशा मोजत होते. दारी आलेल्या माणसाला चहा लागतोच.

मला तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, पिझ्झ्याबद्दल. तो तुमचा होता आणि आठ वर्षं मी तो माझा म्हणून मिरवला. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि अहमदपूरच्या एकाच घरात तुम्ही खाली, मी वर, अशा राहून आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. वाईट वाटायच्या आधी हे आठवलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या वर्षीची येळवस तुम्हाला आठवत असेलच. आमच्या शाळेत देसाई मॅडम नव्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या होत्या, त्या कोल्हापूरकडच्या. त्यांना येळवस म्हणजे वेळ अमावस्या काय ते मीच समजावून सांगितलं होतं. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव त्या दिवशी रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करायची, मडक्यातली आंबिल प्यायची आणि त्या हंगामात रानात जे जे हिरवं आहे ते सगळं एकत्र शिजवून केलेली भज्जी खायची. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. मी बोलावलं. देसाई मॅडम, सात शिक्षिका आणि त्यांची दहा-बारा पोरं. बोलावताना वर एक शेखी मिरवली, "पोरांसाठी मी शेतात पिझ्झा करणार आहे हं." मी गृहविज्ञान शिकवणारी, नांदेडची, नवा ओव्हन घेतलेली. मला तेवढं बोलायला नको का?

सकाळी उठून मैदा भिजवला, यीस्ट घातलं, डबा शालीत गुंडाळून टमटममध्ये मांडीवर धरून रानात नेला. कोपीच्या उन्हाकडच्या बाजूला ठेवला. पीठ असं काही फुगलं होतं की मी दोनदा झाकण काढून बघितलं आणि मनात स्वतःला शाबासकी दिली. मग पाहुण्यांना हरभऱ्याचं रान दाखवायला घेऊन गेले. परत येऊन बघते तर डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

अण्णा, म्हणजे आमचे थोरले दीर, तुमचे मालक, माझ्याशी थेट बोलत नसत. भासऱ्यानं भावजयीशी तोंडावर बोलायचं नाही हा त्यांचा जुना कायदा. ते तुमच्याकडं बघून म्हणाले, "त्या डब्यातलं पीठ नासलं होतं. लई फुगलं होतं, आंबूस वास सुटलता. बैलाला घातलं."

"अवो, ते फुगायलाच ठेवलं होतं!" मी ओरडले, तेही तुमच्याकडंच बघून.

"फुगायला कोण ठिवतंय पीठ?" अण्णा म्हणाले. त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. बैल मात्र त्या दिवशी खूश होता.

बारा पोरं "मॅडम, पिझ्झा कधी?" करत चुलीभोवती नाचत होती. मी तुमच्याकडं आले. तुम्ही ज्वारीची भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "रडू नको उगं. भाकरीवर कायबाय घालून वर ते चीज का फीज घालायचं, आसंच न्हवं? आण हिकडं." मग तुम्ही भज्जीतले जाड दाणे आणि पाला पळीनं वेगळे घेतलेत, ओली तूर, वाटाणा, वाल, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात. ते एका स्वच्छ धडप्यात घालून असं आवळलंत की खाली पाण्याचं डबकं झालं. टोमॅटो निखाऱ्यात भाजून लसूण आणि काळ्या तिखटाबरोबर चेचलेत. इथपर्यंत मी बघितलं. पुढं काय केलंत ते मी बघितलं नाही, कारण मी ताटं मांडायला कोपीपाशी गेले. अक्का, हे लक्षात ठेवा. पुढं या गोष्टीला महत्त्व आहे.

पोरांनी तो फस्त केला. मोठ्यांनी पोरांच्या ताटातला ओढून खाल्ला. खाली खरपूस भाकरी, वर आंबटतिखट भज्जी, त्यावर चीजची तार. देसाई मॅडम म्हणाल्या, "विजयाताई, काय डोकं चालवलंत हो! आपल्या मातीतला पिझ्झा. कसं सुचलं?"

आणि मी म्हणाले, "बरेच दिवस प्रयोग चालला होता."

तुम्ही चार पावलांवर होतात. हातात फुंकणी होती. तुम्ही ऐकलंत हे मला कळलं, कारण तुम्ही फुंकायचं थांबलात. मग परत फुंकायला लागलात. मला त्या क्षणी म्हणता आलं असतं, "नाही नाही, अक्कांनी केलाय." चार शब्द होते. मी आंबिलीचा तांब्या उचलला आणि पाहुण्यांकडं गेले.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं. भाकरी आणि भाजी, त्यासाठी कुणी आठ वर्षं मनात ठेवतं का? मीही स्वतःला तेच सांगितलं. पण खोट्याला पाय फुटतात. देसाई मॅडमनी पुढच्या उन्हाळ्यात नांदेडला शिक्षिकांच्या शिबिरात माझं प्रात्यक्षिक ठेवलं, हंगामी भाज्यांचा घरगुती पिझ्झा. भज्जीचा हंगाम तर केव्हाच संपला होता. मी खाली आले. तुम्ही तूर निवडत बसला होतात.

"अक्का, नांदेडला चलता का? मदतीला."

'मदतीला' म्हणाल्यावर सुपातला हात जरासा थांबला. मग म्हणालात, "चल की. शेवग्याच्या शेंगा घे, चांगल्या गराच्या. अन् कैरी घे एखादी."

हॉलमध्ये दोनशे बायका असतील. पुढं मंचावर मी, माईकपाशी. मागं पडद्याच्या आड शेगडी आणि तवा, तव्यापाशी तुम्ही, निळं इरकल नेसून. मी सुरुवातीलाच सांगितलं, "मागं माझ्या जाऊबाई आहेत, मदतीला आल्यात." जीवनसत्त्वं सांगितली, लोह सांगितलं, शेवग्याचं महत्त्व सांगितलं. मागून एकेक ताट येत होतं आणि मी ते वर धरून दाखवत होते. चमच्यानं खरवडलेला शेवग्याचा गर, वर कैरीचा कीस, चीज. टाळ्या पडल्या. किनवटच्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, आमच्याकडं पावसाळ्यात कर्टुली लई निघतेत. ती चालतील का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "प्रयोग करून बघा."

पडद्यामागून तुमचा आवाज आला, "चालतेत की. बिया काढा, मिठात चोळा, अन् मग घाला."

सगळा हॉल हसला. मीही हसले आणि माईकमध्ये म्हणाले, "बघा, माझी मदतनीस तयार झाली!"

अक्का, मी आयुष्यात बरंच वेडंवाकडं बोलले आहे. सासूबाईंना बोलले, नवऱ्याला तर रोजच. पण एकच वाक्य परत घेता येणार असेल तर मी हे घेईन. तुम्ही माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. मी या घरात आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. नांदेडला आमच्याकडं पोळ्याच व्हायच्या, माझी भाकरी हातातच फाटायची. सासूबाईंचा स्वभाव तुम्हाला माहीत. तुम्ही वर्षभर माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्यात आणि ताटात वाढताना सांगायचात, "ह्या विजयानं केल्यात." सासूबाई म्हणायच्या, "थोरलीपेक्षा हिच्या भाकरीला पदर चांगला सुटतोय." तुम्ही मान खाली घालून हसायचात. म्हणजे तुमच्या हातचं माझ्या नावावर खपवायची सवय तुम्हीच मला लावलीत. हा काही बचाव नाही. पण हे लिहिताना आठवलं, म्हणून लिहिलं.

नांदेडहून येताना एसटी लोह्याला थांबली. तुम्ही खिडकीतून मीठतिखट लावलेली काकडी घेतलीत, अर्धी मला दिलीत आणि म्हणालात, "तुझा पिझ्झा लई गाजला गं, विजया."

बस्, एवढंच. मी वाट बघत राहिले की आता पुढं काहीतरी येईल. आलं नाही. तुम्ही काकडी खाल्लीत, पदरानं हात पुसलात आणि अहमदपूर येईपर्यंत झोपलात. मी जागी. तो टोमणा होता की कौतुक, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगू का, आजही कळलेलं नाही.

कारण पुढं तुम्ही तेच धरलंत. दर रविवारी सकाळी जिन्याखालून हाक, "विजया, तुझ्या पिझ्झ्याला चुका आणलाय गं." पावसाळ्यात "तुझ्या पिझ्झ्याला घोळ आणली." भादव्यात अंबाडी, उकळून पिळलेली, तिची आंबट चव चीजखाली काय लागायची! नवरात्राच्या आधी हादग्याची फुलं, त्यातला कडू दांडा नखानं काढून. थंडीत करडईचा पाला आणि भरताच्या वांग्याचा गर. मी मधे एकदा बाजारातून ढबू मिरची आणि मशरूम आणलं तर तुम्ही मशरूमची पिशवी दोन बोटांत धरून माझ्याकडं परत दिलीत आणि मिरचीला म्हणालात, "हिला चव ना ढव. मोठीच तेवढी हाय." मी माप लिहून ठेवायला वही काढली, किती ग्रॅम पाला, किती चमचे तिखट. तुम्ही विचारलंत, "ह्या आठवड्यात अंबाडी कोवळी हाय, पुढल्या आठवड्यात निबर व्हईल. मंग तुझ्या वहीचं काय करायचं?" वही बंद पडली. त्यात एक पान लिहिलेलं आहे, बाकी कोरी.

आणि दर रविवारी तेच व्हायचं. तुम्ही तव्यापाशी, मी ताटापाशी. गल्लीतल्या बायका यायच्या, माझ्या शाळेतल्या यायच्या, "विजयाताईंचा पिझ्झा" म्हणायच्या. तुम्हीही म्हणायचात.

एकदाच, फक्त एकदा तुम्ही टोचलंत. चूक माझीच होती. बायका गेल्यावर मी ऐटीत म्हणाले, "अक्का, तसं बघितलं तर ह्याला पिझ्झा म्हणता येत नाही. पिझ्झ्याचं पीठ फुगावं लागतं. ही आपली भाकरीच झाली."

तुम्ही तवा खरवडत होतात. म्हणालात, "मंग लोकाला काय सांगतीस?"

मी तडातडा जिना चढून वर गेले. आठवडाभर खाली उतरले नाही. दूधवाल्याला वरून डबा सोडला. मनात उत्तरं तयार केली, एकाहून एक झणझणीत. रविवारी सकाळी हाक आली, "विजया, तुझ्या पिझ्झ्याला ओली तूर सोललीय, ये की." मी आले. भांडण तिथंच राहिलं. त्याचा निकाल लागला नाही आणि आता लागायचाही नाही.

शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी तुमच्याजवळ बसायचे. रोज ठरवून यायचे की आज बोलायचं. एके दिवशी तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं नीट बघितलंत. मला वाटलं, हीच वेळ. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी देऊ का?"

तुम्ही मान हलवलीत, नको म्हणून. मग म्हणालात, "येळवसला तुझा पिझ्झा कर. सुनीची लेकरं येतेत भोकरहून. न्हाई म्हणू नको."

"करते," मी म्हणाले. माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच.

या वर्षी येळवस करायची की नाही यावर घरात चर्चा झाली. आमचे हे म्हणाले, नको, वर्ष आहे. अण्णा म्हणाले, "आपल्या लिंगायतात सुतक न्हाई. अन् शेताला तर न्हाईच न्हाई." विषय संपला. शिवाय तुम्ही शेतातच आहात, वरच्या बांधाला, लिंबाखाली. माती अजून बसलेली नाही. सुनंदा आल्या आल्या तिकडं गेली आणि बराच वेळ बसली. मी चूल मांडली.

मी ठरवलं होतं की या वेळी पहिल्यांदा बोलायचं आणि मग तव्याला हात लावायचा. देसाई मॅडमना मुद्दाम बोलावलं. पूजा झाली, सगळे कोपीपाशी बसले आणि मी उभी राहून सांगितलं. शिकवायची सवय असल्यानं आवाज खणखणीत लागला. "ऐका जरा. तो पिझ्झा माझा नव्हता. पहिल्या दिवसापासून अक्कांचा होता. त्यांनीच केला, त्यांनाच सुचला. मी आठ वर्षं खोटं बोलले."

देसाई मॅडमनी डोळ्याला रुमाल लावला. "विजयाताई, किती मोठं मन तुमचं! गेलेल्या माणसाला असं सगळं देऊन टाकायचं म्हणजे..."

"अहो, देऊन टाकत नाहीये. खरंच त्यांचा होता."

सुनंदा उठून माझ्या गळ्यात पडली. "काकू, आसं नका म्हणू. आई सगळ्याला सांगायची, आमच्या विजयाचं डोकं लई चालतंय. भोकरला आली की माझ्या सासूला हेच सांगायची. तुमच्यामुळं तर आई नांदेडचा हॉल बघितली."

अक्का, मी कपाळावर हात मारला. काय करून ठेवलंत हे? भोकरपर्यंत सांगून ठेवलंत? तिथं तर मी नव्हते. तिथं तुम्हाला कुणाला वाचवायचं नव्हतं, कुणाची लाज राखायची नव्हती. खरं सांगून मी आणखी मोठी ठरत होते. मला राग आला, तुमचा. गेलेल्या माणसाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं.

तशीच चुलीपाशी बसले. म्हटलं, निदान चांगला तरी करावा, तुम्ही सांगितलंय म्हणून. भाकऱ्या थापल्या, चांगल्या फुगल्या. भज्जी धडप्यात आवळली, अगदी तुमच्यासारखी. टोमॅटो भाजले, चेचले. पसरलं, चीज किसून घातलं, तवा परत निखाऱ्यावर ठेवून वर ताट झाकलं. जीव ओतला म्हणतात तसा ओतला. थोड्या वेळानं ताट काढलं तर वाफेचं पाणी गळून चीज पांढरं पडलेलं, भाकरी मधोमध भिजून मऊ झालेली. उचलायला गेले तर तुकडे पडले. तरी ते ताटात घालून दिले, काय करणार.

सुनंदाच्या लेकीनं घास घेतला आणि हळूच आजूबाजूला बघितलं. सुनंदानं घेतला. चावता चावता थांबली. परत चावला. तिला वाईट बोलायचं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"काकू, जरा भिजलंय."

"हो."

"कधीच भिजत नव्हता." तिनं ताटाकडं बघितलं, मग चुलीकडं, मग माझ्याकडं. "एकदाबी न्हाई."

आता बोलायची गरज नव्हती. तिचं तोंड हळूहळू बदलत गेलं आणि मी ते बघत राहिले. देसाई मॅडमनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हणजे नांदेडला पडद्यामागून आवाज आला होता, खऱ्या करणाऱ्या त्या..."

"त्याच," मी म्हणाले.

अक्का, करायला गेलेलं काही बिघडलं म्हणून इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा बोलले. ते चुलीच्या मागं, तुमच्या शेजारी बसायचे त्याच जागी पोत्यावर बसले होते. मधे तुम्ही नव्हतात, त्यामुळं बघायला दुसरं कुणी नव्हतं. ते माझ्याकडं बघून बोलले, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

"विजया, ती पापुद्रा काढायची."

"काय?"

"भाकर फुगली की वरला पापुद्रा काढायची. आख्खा. आत भज्जी घालायची, वर चीज. अन् तोच पापुद्रा पालथा झाकायची, मंग ताट. वाफेचं पाणी पापुद्रा पितो. भाकर कोरडी राहती."

"अन् त्या पापुद्र्याचं काय करायच्या?"

अण्णांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मला द्यायची," ते म्हणाले. "भिजलेला, चीज लागलेला. आठ वर्षं तेच खाल्लं मी. पिझ्झा काय आसतो ते मला ठाव न्हाई."

आठ वर्षं माझ्या नजरेसमोर ते तिथं बसत होते, तुमच्या हातून तो पापुद्रा घेऊन खात होते, आणि मला ते कधी दिसलं नाही. कसं दिसेल? मी ताटं घेऊन पुढं असायचे.

मी परत थापायला बसले. भाकरी फुगली, पापुद्रा काढला. पहिला फाटला, दुसरा फाटला, तिसरा आख्खा निघाला. तुम्हाला ते एका झटक्यात जमत असणार. भज्जी, चीज, पालथा पापुद्रा, वर ताट. या वेळी मी उठले नाही. मॅडम म्हणाल्या, "द्या, मी वाढते," आणि त्या आणि सुनंदा ताटं नेत राहिल्या. पोरांचा गलका पुढून ऐकू येत होता, कुणी काय म्हणतंय ते कळत नव्हतं. चुलीपाशी धूर आणि ऊन, डोळे चुरचुरतात, पाठ धरते, आणि पुढचं काहीच दिसत नाही. तुम्ही एवढी वर्षं तिथं बसला होतात. प्रत्येक भाकरीचा पापुद्रा मी अण्णांच्या हातावर ठेवला. ते खात राहिले. तुमच्या हातची चव त्याला नव्हती, हे त्यांच्या तोंडावरून कळलं, पण त्यांनी एकही परत दिला नाही.

दुपार कलली तेव्हा हे आणि अण्णा आंबिलीचा तांब्या घेऊन शेताभोवती शिंपडत निघाले. मी पदराला हात पुसून वरच्या बांधाला आले. हात चिकट, पदराला धुराचा वास. तुमच्याजवळ एक तुकडा ठेवायचा का असा विचार आला होता, पण उरला कुठं होता? सगळा संपला होता. पोरं अजून मागत होती.

लोह्याच्या स्टँडवर तुम्ही जे म्हणालात ते टोमणा होता की कौतुक, मला माहीत नाही. मी बोलले त्यात टोमणा नव्हता. जे झालं तेवढं सांगितलं.

"अक्का, तुमचा पिझ्झा लई गाजला."